एकोणीस डिसेंबरचा कागद

गेल्या हिवाळ्यात एकाच संध्याकाळी म्हापशाच्या एका जुन्या मित्राचे दोन संदेश आले. पहिल्यासोबत एका निवेदनाचा मसुदा होता आणि त्याखाली माझे नाव घालण्याची परवानगी मागितली होती. सरकारी नोकऱ्या, घरांच्या योजना आणि जमिनीची खरेदी मूळ गोमंतकीयांपुरती राखावी, आणि ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले त्यालाच मूळ गोमंतकीय मानावे, अशी मागणी त्यात केली होती. दुसरा संदेश तासाभराने आला. आधी स्वतःची आणि मग मुलीची जन्मनोंद लिस्बनला करून घ्यायची आहे, तर वडिलांचा कोणता दाखला लागतो, आणि जुन्या पोर्तुगीज नोंदीतले आडनावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी जुळत नसेल तर काय करायचे, असे त्याने विचारले होते.

१९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल आपले नागरिकत्व देतो, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मीही त्याच वाटेने २०१३ साली इंग्लंडमधल्या स्विंडनला आलो. ज्या कागदाच्या बळावर माणूस युरोपात परका राहत नाही, त्याच कागदाच्या बळावर हावेरीहून किंवा गदगहून गोव्यात आलेला माणूस कायमचा परका ठरवता येतो. एकाच तारखेचे हे दोन उपयोग माझ्या मित्राला एकाच संध्याकाळी सुचले आणि त्यात त्याला काहीही खटकले नाही, याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे.

'पोगो' (पर्सन ऑफ गोवन ओरिजिन, म्हणजे मूळ गोमंतकीय) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधेयकाची ही मागणी रिव्होल्युशनरी गोवन्स या पक्षाने आणली, आणि २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत एकच जागा मिळूनही या पक्षाने सुमारे नऊ टक्के मते घेतली. त्या पक्षाशी माझे भांडण नाही, कारण तो जे मानतो ते उघड बोलतो. माझे भांडण स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्या आमच्याच मंडळींशी आहे. हा माझा मित्र मोलेचे जंगल वाचवण्यासाठी २०२० साली रस्त्यावर उतरला होता. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध पणजीच्या आझाद मैदानावर तो बसला होता. आसामातल्या नागरिक नोंदणीत २४ मार्च १९७१ ही तारीख धरून ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून एकोणीस लाखांहून अधिक माणसे वगळली गेली, तेव्हा गरिबाकडे आजोबांचा कागद कुठून असणार, असा प्रश्न त्याने इतक्या पोटतिडकीने विचारला होता की तो मी इथे अनेकांना ऐकवला. तोच प्रश्न गोव्यात विचारायचे त्याला सुचत नाही.

तो मला लगेच काय म्हणेल हेही मला माहीत आहे, कारण त्याने ते म्हटलेले आहे: "तूं थंय, तुका हांगाचें कितें कळटा?" तू तिथे, तुला इथले काय कळते, या टोमण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जो गाव सोडून गेला त्याने गावात राहिलेल्यांना शहाणपण शिकवू नये, हा संकेत मला मान्य आहे. शिवाय परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे माझे भारतीय नागरिकत्व गेले आणि गोव्यातल्या मतदानाचा हक्कही गेला, तेव्हा मी जे लिहितो त्याची किंमत मला मोजावी लागत नाही. मात्र कागद आणि तारीख यांच्या दुसऱ्या बाजूला उभे राहणे काय असते, एवढी एक गोष्ट तिथल्यापेक्षा इथे नीट कळते.

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देण्यापूर्वी भाडेकरूला इथे राहण्याचा हक्क आहे की नाही, हे घरमालकाने तपासावे असा नियम २०१६ पासून देशभर लागू आहे. २०२२ साली आम्ही घर बदलले तेव्हा मी, बायको आणि दोन मुले एका एजंटच्या कचेरीत बसलो होतो. माझ्याजवळ दाखवायला कागद नव्हता, कारण आमच्यासारख्यांचा वास्तव्याचा हक्क आता फक्त सरकारच्या संगणकात असतो. मी नऊ अक्षरांचा एक कोड सांगितला, समोरच्या मुलीने तो टाईप केला, पडद्यावर काही उमटेना, तिने पुन्हा टाईप केला. ती अत्यंत सभ्य होती. तिने पाणी विचारले. पण त्या चार-पाच मिनिटांत माझा धाकटा मुलगा, जो याच गावात जन्मला, माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी मात्र त्याच्याकडे बघायचे टाळत होतो. या नियमामुळे परकी नावे असलेल्यांशी भेदभाव होतो हे इथल्या अपील न्यायालयाने २०२० साली मान्य केले आणि तरीही नियम वैध ठरवला. गोव्यातही २०२४ साली भाडेकरूंच्या पडताळणीचा कायदा झाला. त्याविरुद्ध आमच्या मंडळींपैकी कोणी हूं की चूं केल्याचे माझ्या कानावर आले नाही. उलट पोलीस मोहीम ढिली पडल्याची तक्रार ऐकू आली.

तारखांचे तर इथे पेवच फुटले आहे. वेस्ट इंडीजमधून मुले म्हणून आलेली, चाळीस-पन्नास वर्षे कर भरलेली माणसे १ जानेवारी १९७३ पूर्वी आल्याचा पुरावा देऊ शकली नाहीत म्हणून त्यांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर घालवले गेले. हे प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आले तेव्हा कळले की त्यांच्या आगमनाची नोंद असलेली कार्डे सरकारी खात्यानेच २०१० साली नष्ट केली होती. माझी बायको एका वृद्धाश्रमात काम करते. तिच्यासोबतची कोट्टयमची एक मुलगी अशा वेळी आली की ११ मार्च २०२४ ही तारीख उलटून गेली होती, आणि त्या तारखेनंतर काळजीवाहू म्हणून आलेल्यांना कुटुंब आणता येत नाही. ती रोज सकाळी एका इंग्रज आजीबाईंना भरवते आणि दुपारच्या सुटीत चार वर्षांच्या मुलाला मोबाइलवर जेवताना बघते. या देशातले उदारमतवादी या नियमावर बोलले, पण बेताने बोलले. मे २०२५ मध्ये मजूर पक्षाच्याच पंतप्रधानांनी हा देश अनोळखी लोकांचे बेट होण्याचा धोका आहे अशा अर्थाचे विधान केले आणि महिनाभराने त्याबद्दल खेदही व्यक्त केला. समोरच्याची मते आपल्याकडे वळवण्यासाठी त्याचीच भाषा उसनी घ्यायची आणि मग ती भाषा अंगाशी आली की हळहळायचे, हा खेळ गोव्यात मी आधी पाहिलेला आहे.

घरची गोष्ट सांगतो. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी फुलावर शिक्का मारला होता, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने. दोन पाने जिंकली, एक लाख बहात्तर हजारांविरुद्ध एक लाख अडतीस हजार. वडिलांनी निकाल मानला, पण फूलवाल्यांचे गोंयकारपण थोडे कच्चे आहे असा संशय त्यांच्या मागे आयुष्यभर राहिला. कोकणी की मराठी या राजभाषेच्या आंदोलनाच्या वेळी, १९८६ मध्ये, मी आठ वर्षांचा होतो. एका सकाळी आमच्या दारासमोरच्या पायरीवर कोणीतरी खडूने 'कोल्हापूरला जा' असे लिहून ठेवले होते. वडिलांनी बादलीभर पाणी ओतले, शुद्धलेखन बरोबर आहे एवढेच म्हणाले आणि शाळेत गेले. त्या माणसाचा जन्मदाखला आज लिस्बनच्या दप्तरात आहे आणि 'पोगो'च्या कसोटीवर तो शंभर टक्के उतरतो. मूळचा कोण आणि उपरा कोण हे ठरवणारा हात कधी फिरेल याचा भरवसा नसतो, हे मराठी बोलणाऱ्या गोमंतकीयाने तरी विसरायला नको होते. गिरगावच्या चाळींत आमच्या आज्या-पणज्या पिढ्यान् पिढ्या राहिल्या, त्यांना तिथे कोणी तारीख विचारली असती तर?

वडील ज्या शाळेत शिकवत त्या शाळेच्या पटावर आज निम्म्याहून जास्त मुले कर्नाटकातून आलेल्या मजुरांची आहेत. गावातली मुले बसने इंग्रजी शाळेत जातात. माझ्या आईला सांभाळणारी बाई हावेरीची आहे. अकरा वर्षे ती गावात आहे, तिची कोकणी माझ्या मुलांपेक्षा चांगली आहे आणि तिच्या दोन्ही मुली याच शाळेत मराठीतून पाढे म्हणतात. ती नसती तर आईचे काय झाले असते याचा विचार मी करत नाही, आणि त्या मुली नसत्या तर शाळा कधीच बंद पडली असती. शेजारच्या काकी तिच्या हातचा चहा पितात आणि तिची पाठ वळली की तिला घांटी म्हणतात. मीही लहानपणी हा शब्द सर्रास वापरला आहे. १४ जून २००४ रोजी, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती बुलडोझरने साफ केली गेली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, स्वतःला पुरोगामी म्हणवत होतो, आणि मला ती बातमी शहर स्वच्छतेची वाटली होती. वीस वर्षांनी, जून २०२४ मध्ये, आसगावात एका गोमंतकीय कुटुंबाच्या घराचा भाग पाडला गेला तेव्हा सारे राज्य पेटून उठले, आणि ते उठायलाच हवे होते. पण या दोन्ही प्रसंगांत माणसे पावसात उघड्यावर आली होती.

गोव्याची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य, २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसे, आणि जमिनीचा भाव असा की गावातल्या शिक्षकाच्या मुलाला गावातच घर बांधता येत नाही. डोंगर कापले जातात, शेतांचे भूखंड होतात. पण हे कोण करतो? नगरनियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे पोटकलम घालून एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची सोय करण्यात आली, आणि त्याखालचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द करेपर्यंत ती बिनबोभाट चालली. तो कायदा गोव्याच्या विधानसभेने केला. २०२२ मध्ये पक्ष बदलणार नाही अशी शपथ काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, क्रुसापाशी आणि दर्ग्यात घेतली आणि निवडून आलेल्या अकरांपैकी आठजण सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. त्यांत हावेरीचा कोणी नव्हता. दिल्लीहून येऊन डोंगर विकत घेणाऱ्याला आम्ही गुंतवणूकदार म्हणतो. घांटी हा शब्द आम्ही ज्याला काही विकत घेता येत नाही त्याच्यासाठी राखून ठेवला आहे.

आणि मूळ गोमंतकीय म्हणजे कोण, असे खरोखरच विचारायचे असेल, तर गावडा, कुणबी आणि वेळीप यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. त्यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले. चाळीस जागांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही जागा राखीव नव्हती. त्यासाठीचे विधेयक संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केले. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यान् पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आहे, आणि माझ्या आजोळचा त्याखालचा दावा एका तालुक्याच्या मामलेदारापुढे सव्वीस वर्षे तारखांवर तारखा घेत पडून आहे. या काळात मामा वारले. घर भाटकाराच्या नावावर आहे, म्हणून घराचा कागद नाही, म्हणून छप्पर बदलायलाही परवानगी मिळत नाही. मित्राच्या निवेदनात मुंडकारांबद्दल एक ओळही नव्हती. मी त्याला ते विचारले तेव्हा तो विषय वेगळा आहे असे उत्तर आले.

मला तो विषय वेगळा वाटत नाही. जो कुळाला आणि मुंडकाराला हक्क देताना अर्धशतक चालढकल करतो आणि मजुराला हक्क नाकारताना मात्र तारीख घेऊन तयार असतो, त्याला अन्याय कळत नाही असे नाही, तो आपल्या अंगणापुरता कळतो. जमीन वाचवायची असेल तर शेतजमिनीच्या रूपांतरावर बंदी घाला, विकणाऱ्यालाही ती लागू करा. घरे हवी असतील तर वास्तव्याची वर्षे मोजा, म्हणजे अकरा वर्षे राबणारी बाई मोजली जाईल आणि मुंबईत राहून भाट (बागायती जमीन) विकणारा भाटकार मोजला जाणार नाही. असे मी त्याला सविस्तर लिहिले आणि नाव घालू नकोस असेही कळवले. दुसऱ्या संदेशाचे उत्तर मात्र मी त्याच दिवशी दिले: कोणता दाखला, किती प्रती, स्पेलिंगसाठी प्रतिज्ञापत्र कसे करायचे. मैत्रीत तेवढे करावे लागते, आणि त्या वाटेने स्वतः आलेल्या माणसाने ती वाट अडवण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. निवेदनाचा विषय त्याने काढला नाही. कागद जुळत आले होते, मुलीला स्विंडनला पाठवायचे मनात होते, इथे तिला गोदामात नाहीतर वृद्धाश्रमात काही काम मिळेल का, असे तो विचारत होता. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये येऊन राहण्याची मुभा ३१ डिसेंबर २०२० ला संपली, माझा मावसभाऊ जेमतेम तीन आठवड्यांनी चुकला आणि आता कुवेतला आहे, हे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग चांगलाच चिडून म्हणाला, "म्हणजे पोरीचा काही दोष नाही, काम करायला ती तयार आहे, आणि केवळ एका तारखेपायी तिला येऊ देणार नाहीत?"