गुच्छाची किंमत काढणीच्या वेळी ठरते

शेतकऱ्यांनी आठवडे बाजारात फुलांचे गुच्छ थेट ग्राहकाला विकावेत, असा सल्ला एका लेखात वाचला आणि तो मला मनापासून पटला. मात्र काढणी आणि त्यानंतरची निगा यांविषयी त्यात फारच थोडे आले आहे. मावळात आम्ही अर्ध्या एकरात ग्लॅडिओलस, निशिगंध आणि ॲस्टर घेतो. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातल्या घाऊक बाजारात ग्लॅडिओलस पाठवायचा असेल, तर दांड्यावरील खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसताच तो काढावा लागतो. पण आठवडे बाजारातल्या ग्राहकाला त्याच संध्याकाळी घर सजवायचे असते, म्हणून तेथे खालची दोन-तीन फुले उमललेला दांडा अधिक पसंत पडतो. ॲस्टर मात्र उमलल्यावरच काढावा. काढणी पहाटे करावी, दांडे लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवावेत आणि पाण्यात बुडणारी पाने आधीच काढून टाकावीत, कारण ती कुजली की पाण्यात जिवाणू वाढतात, दांड्यातील पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बुजतात आणि फुले माना टाकतात. एवढी गोष्ट न सांभाळल्यामुळे पहिल्याच हंगामात आमचे काही नेहमीचे ग्राहक तुटले, याची खंत मला आजही आहे.

ग्लॅडिओलसचे कंद एकदम न लावता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावावेत, हेही लेखात यायला हवे होते. नाहीतर सगळी फुले एकाच वेळी येतात आणि पुढच्या बाजारी स्टॉलवर मांडायला काहीच उरत नाही. गुच्छातल्या हिरवाईसाठी आम्ही बांधावरची शतावरी वापरतो.