रोबो आले म्हणून ब्रेल बंद होणार नाही

कोल्हापुरातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, विशेषतः पेठांमधल्या, ‘दृष्टिहीन मुलांना यापुढे रोबो शिकवणार, ब्रेल आणि विशेष शिक्षक बंद’ असा संदेश फिरत आहे. हे खरे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार ब्रेल जाणणारे शिक्षक घडवणे व नेमणे ही शासनाची जबाबदारी आहे. अधिनियम कोणालाही वाचता येतो.

संदेशात उल्लेखलेला ‘सेल्युलो’ हा स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ईपीएफएल या संस्थेत विकसित झालेला, तळहातात मावणारा षटकोनी रोबो आहे. सूक्ष्म ठिपके छापलेल्या कागदावर तो स्वतःची जागा ओळखतो आणि मुलाने त्यावर हात ठेवला की कधी सरकून, कधी अडून, नकाशातील भिंत किंवा वाट हाताला जाणवून देतो. दृष्टिहीन आणि डोळस मूल त्यामुळे शेजारी बसून एकच नकाशा हाताळू शकतात, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल यातच आहे. अक्षरओळख व शुद्धलेखन मात्र सहा टिंबांच्या ब्रेलमधूनच बोटांत रुजते. ते काम हा रोबो करत नाही.

कोणीही या संदेशामुळे मुलाची ब्रेल पाटी बाजूला ठेवू नये. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि पाठवला असल्यास त्याच ग्रुपवर हा खुलासा द्यावा.