त्या मुलाला मारलं का नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

केपटाऊनच्या मॅननबर्ग वस्तीतल्या एका शिक्षिकेवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. आठवीतल्या मुलाने वर्गात बाक उलथवला, बाईंना शिवी हासडली, तरी बाईंनी हात उगारला नाही की त्याला शाळेतून काढायला लावलं नाही, हे तुम्हाला पटलेलं नाही. "दोन छड्या वेळेवर बसल्या असत्या तर पोरगा सरळ झाला असता. एकाचे लाड करताना उरलेल्या चाळीस मुलांचं नुकसान कोण भरून देणार?" असं तुम्ही विचारता. तुम्ही स्वतः मुख्याध्यापक होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी छडीचं. दक्षिण आफ्रिकेत तिची कमतरता कधीच नव्हती. वर्णद्वेषी राजवटीत शाळा तर मुलांना मारतच, न्यायालयंही अल्पवयीन मुलांना फटक्यांची शिक्षा सुनावत. ती शिक्षा घटनात्मक न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केली आणि १९९६ च्या शाळा कायद्याने वर्गातल्या मारालाही बंदी घातली. मॅननबर्गसारख्या वस्त्यांतल्या गुन्हेगारी टोळ्या त्याच्या कितीतरी आधीच्या. त्यांचे म्होरके छडीच्याच काळात शाळेत होते. त्यामुळे छडी गेली आणि पोरं बिघडली, हा हिशोब तिथे तरी जुळत नाही.

मॅननबर्ग वसलं ते माणसं मुळासकट उपटून. १९६६ मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स हा केपटाऊनच्या मध्याजवळचा भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या काळात तिथून ६०,००० हून अधिक लोकांना हलवलं गेलं. 'कलर्ड' (मिश्र वंशाचे) असा सरकारी शिक्का बसलेली अशी अनेक कुटुंबं शहराबाहेर केप फ्लॅट्सच्या रेताड मैदानावर नेऊन टाकली. आजी एका वस्तीत, मामा दुसऱ्या, कामधंदा तिसरीकडे. उनाडणाऱ्या पोराला हटकणारा शेजार मोडला. त्या पोकळीत 'हार्ड लिव्हिंग्स', 'अमेरिकन्स' अशा टोळ्या शिरल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये टोळीयुद्धामुळे मॅननबर्गमधल्या १६ शाळा दोन दिवस बंद ठेवाव्या लागल्या. जुलै २०१९ मध्ये केप फ्लॅट्सवर लष्कर आणलं गेलं.

सर, तिथला चौदा वर्षांचा मुलगा मार पुरता ओळखून असतो. टोळीत शिस्त मारानेच लावतात आणि न रडता मार सोसला की पोराची किंमत वाढते. वर्गासमोर छडी खाणं म्हणजे त्याला ही मर्दुमकी दाखवायची संधीच.

आणि लाड कुठे झाले? बाईंनी आधी बाकीच्यांना उदाहरणं सोडवायला लावली आणि स्वतः त्याच्या नि मुलांच्या मध्ये उभ्या राहिल्या. तो निवल्यावर बाक त्यालाच उचलायला लावला. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं, तेव्हा कळलं की आदल्या रात्री त्याच्या इमारतीसमोर गोळीबार झाला होता आणि घरातली सगळी पोरं न्हाणीघराच्या फरशीवर झोपली होती. हे कळल्यावरही बाईंनी आपली अट सोडली नाही. ज्या मुलीची कंपासपेटी फुटली तिची त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. मान खाली घालून, पुटपुटत, पण मागितली. मला तरी ही छडीपेक्षा कडक शिक्षा वाटते.

शाळेतून काढण्याबद्दल. तिथे शाळेच्या नियामक मंडळाला सात शालेय दिवसांपर्यंत निलंबित करता येतं, कायमचं काढण्याचा निर्णय मात्र प्रांताच्या शिक्षण खात्याचा प्रमुखच घेऊ शकतो. तुम्हाला हा वेळकाढूपणा वाटेल. मला ही अडचण योग्य वाटते, कारण फाटकाबाहेर पडलेल्या मुलाची वाट बघणारी माणसं तिथे कोपऱ्यावरच उभी असतात. अमली पदार्थांच्या पुड्या पोचवायला शाळकरी वयाचा पोरगा त्यांना हवाच असतो. (आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. दूरच्या देशातले हे चोचले नव्हेत.)

राहिली चाळीस मुलं. हा तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. त्या तासाला गणित पुढे सरकलं नाही. मागच्या बाकावरची मुलं घाबरली होती आणि रोज गोळ्यांचे आवाज ऐकणाऱ्या मुलांना वर्गात तरी शांतता मिळायलाच हवी. पण त्याची किंमत त्या मुलाने शाळा सोडून का चुकवायची? केपटाऊन ज्यात येतं त्या वेस्टर्न केप प्रांताच्या शिक्षण खात्याने निधी अपुरा पडतो म्हणून २०२५ पासून सुमारे २,४०० शिक्षकांची पदं कमी करण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. माझा राग तिथे आहे. त्या वर्गात दुसरं कुणी मोठं माणूस असतं तर एकाने त्या मुलाला व्हरांड्यात नेलं असतं आणि दुसऱ्याने गणित चालू ठेवलं असतं. शिक्षक कमी करून वर्ग फुगवायचे आणि मग एकट्या सापडलेल्या बाईंना वर्ग आवरत नाही म्हणायचं, हे तुम्ही मुख्याध्यापक असताना तुमच्या शिक्षकांबाबत चालवून घेतलं असतंत, असं मला वाटत नाही.