दबावगट म्हणजे फक्त पैसेवाले नव्हेत

‘अमेरिकेतले दबावगट म्हणजे थैल्या घेऊन वॉशिंग्टनमध्ये बसलेले लोक’ हे तुमच्या दबावगटांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. कायदे आपल्या बाजूने वळवायला कंपन्यांनी नेमलेले लॉबिस्ट आहेतच, आणि कंपन्यांना निवडणूक प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मोकळीक देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर निवडणुकीतला पैसा बेसुमार वाढला, हेही खरं. पण अपंगांच्या संघटनांकडे कुठली थैली होती? १९७८ साली डेन्व्हरमध्ये १९ अपंगांनी भर रस्त्यात बस अडवून धरल्या, कारण व्हीलचेअर आत न्यायची सोयच नव्हती. १२ मार्च १९९० ला तर हक्कांचा कायदा व्हावा म्हणून कित्येक जण व्हीलचेअर खाली सोडून कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, पायऱ्या सरपटत चढले. त्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच जुलैत अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) यांची सही झाली.

गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. गुडघे गेलेत, त्यामुळे व्हीलचेअर. बस थांबली, दारातून उतरती फळी बाहेर आली, ड्रायव्हरने स्वतः उठून चाकं पट्ट्यांनी बांधली. गावाकडे बसच्या पायरीवर दोघांनी उचलून चढवावं लागतं, म्हणून तिने लग्नकार्यांना जाणंच सोडलंय. ती फळी त्या रस्ता अडवणाऱ्यांनी मिळवलेली आहे. लेखात त्यांच्यावर एक ओळ तरी हवी होती.