टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच ओतून गंज काढू नका

परवा फैजपूरहून मामांचा फोन आला. वांगी भाजायची जुनी जाळी माळ्यावरून काढलेली, पायांचे चारही बोल्ट जाम, आणि मामा मोरीत दार लावून दोन बाटल्या घेऊन बसलेले. कारण मोबाइलवर आलेला मेसेज: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच समसमान ओता, दहा मिनिटांत बोल्ट मोकळा. नाहीतर कोला ओता. तापवू मात्र नका, नट फुगून आणखी आवळतो.

मी फोनवरच ओरडलो. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये ईप्रजवळ समोरच्या खंदकांवर सोडला तो हाच. हवेच्या जवळपास अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो, आणि जाळी घासणारा माणूस पाटावर खालीच बसलेला असतो! मामांना आधीच दम्याचा त्रास. हे पुढे पाठवणाऱ्यांनी ब्लीचच्या बाटलीवरची सूचना एकदा तरी वाचली होती का?

कोल्यात फॉस्फरिक ॲसिड असतं. सुटा बोल्ट रात्रभर बुडवला तर वरचा गंज थोडा उतरतो, एवढं मान्य. आवळून बसलेल्या नटाच्या आट्यांत ते फारसं शिरत नाही.

तापवण्याबद्दल तर साफ उलटं सांगितलंय. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार काय करतो? धाव लाल होईपर्यंत तापवतो, ती मोठी होते, मग चाकावर बसते. नटाचंही तेच. फक्त नट तापवला की त्याचं भोक मोठं होतं आणि गंजाची पकड तुटते. पण जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवू नका, त्या धुराने थंडी वाजून ताप येतो. आणि तेल सोडलं असेल तर ज्योत लावायच्या आधी पुसून काढा.

मामांना मी गंज सोडवायचं तेल आणायला लावलं. रात्रभर मुरू दिलं, सकाळी नटाच्या कडांवर हातोडीने हलके ठोके, मग पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या, असं मागेपुढे. तीन निघाले. चौथा तेल पुसून अंगणात तापवला, तरी हलला नाही. तो हॅक्सॉने कापला आणि नवा बोल्ट टाकला.