‘बाळ झालं की शुगर जाते’: त्या मेसेजला एका लॅबवालीचं उत्तर

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला सात जणींनी पाठवला. दोघी नात्यातल्या, एक आमच्या बचत गटाची अध्यक्षीण. आणि एकीनं पाठवून खाली लिहिलं होतं, ‘आक्का, हे खरं हाय काय गे?’ तिच्यासाठी हे लिहितेय.

मेसेज ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात. गरोदरपणातली शुगर हा आजारच नाही, परदेशी कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. आपल्या आज्यांची दहा-दहा बाळंतपणं झाली, कुणाला शुगर होती? दवाखान्यात आधी ग्लुकोज पाजतात आणि मग रक्त काढतात, मग शुगर वाढणारच की! पुढं घाबरवून इन्सुलिन टोचतात, ते एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही आणि बाळालाही बाधतं. त्यापेक्षा साखर सोडून गूळ खा, भात सोडून भाकरी पोटभर खा. शेवटी ठळक अक्षरांत: बाळ झालं की शुगर आपोआप जाते, नंतर काही तपासायची गरज नाही.

मी बेळगावात एका लॅबमध्ये चौदा वर्षं रक्त काढते. नऊ वर्षांपूर्वी मुलीच्या वेळी माझा स्वतःचाच आकडा १६२ आला होता. टोचणारीही मीच, टोचून घेणारीही मीच, तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

ग्लुकोजपासून सुरू करते, कारण तो आरोप थेट माझ्या टेबलावर येतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज, ३०० मिली पाणी, पाच-दहा मिनिटांत संपवायचं. चव भयानक लागते, नाकारत नाही; कितीतरी जणी पदर तोंडाला लावून बसतात. दोन तासांनी रक्त. ग्लुकोज प्यायल्यावर शुगर वाढते हे मेसेज लिहिणाऱ्यानं मोठा शोध लागल्यासारखं सांगितलंय. अहो, वाढावी म्हणूनच तर देतो! प्रश्न एवढाच, की दोन तासांत शरीर तिला किती खाली आणतं. सकाळपासून बाकावर बसलेल्या सगळ्यांना तेच पाकीट, तेवढंच पाणी. बहुतेकींचा आकडा १४० च्या खाली येतो, काहींचा येत नाही. ग्लुकोजच कारण असतं तर सगळ्यांचाच वर गेला असता.

आपल्याकडची एका टोचणीची पद्धत अशी: जेवून आलात तरी चालतं, दोन तासांनी १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातली शुगर. काही दवाखाने उपाशीपोटी बोलावून तीनदा रक्त घेतात; तिथं उपाशीपोटी ९२, तासाभरानं १८० आणि दोन तासांनी १५३ यांपैकी एकही आकडा गाठला तरी पुरे. टेस्ट पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. एक विनंती मात्र आहे. ग्लुकोज पिऊन गणपत गल्लीत बाजार करून येऊ नका. चालण्यानं आकडा उतरतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. आणि अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लपवू नका, दुसऱ्या दिवशी परत करू.

‘परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांना सांगते, ही एका टोचणीची पद्धत चेन्नईची. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी ती आपल्या बायकांसाठी रुजवली, कारण लांबच्या खेड्यातून येणारी बाई उपाशीपोटी येईलच आणि दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. १० मार्च हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून देशात त्या दिवशी या आजाराविषयी जागृती करतात. आणि विषय निघालाच आहे तर, बाळंतपणातला रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्यांवरचा एक मोठा अभ्यास आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर झाला आणि २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जग आपल्याकडून शिकतं ते आपल्यालाच ठाऊक नसतं.

आता आज्या. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं, जगली सहा. तिसऱ्याबद्दल ती एवढंच म्हणायची, ‘मोठं होतं, अडलं.’ त्यामागं शुगर होती असं मी म्हणणार नाही, कारण कुणी मोजलीच नव्हती. मेसेजवाल्यानंही ‘नव्हती’ म्हणू नये, त्याच कारणासाठी. शिवाय आजी पहाटे जात्यावर बसायची, सुगीत दिवसभर वाकायची आणि गोड खायची ते सणाला. तिचं अंग आणि आपलं अंग एक नव्हे.

आजार नाही तर मग हे होतं तरी काय? पोटातल्या वारेतून अशी हॉर्मोन्स सुटतात की आईच्या अंगावर इन्सुलिनचा असर कमी होतो. हे निसर्गाचंच काम, बाळाला साखर मिळत राहावी म्हणून. त्यावर आईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळतं. काहींचं तेवढं करू शकत नाही. घरात आईवडिलांना शुगर, वजन, वय, आधीचं मोठं बाळ यांनी शक्यता वाढते, पण यातलं काहीच नसलेल्या बारीक पोरींचेही आकडे मी लिहिलेत. म्हणून ‘तूच गोड खाल्लंस’ हे सासूबाईंनी म्हणू नये. मला तर एका डॉक्टरांनीच ‘तोंड आवरा’ म्हणून फाईल सरकवली होती, बाहेर येऊन जिन्यात रडले. अशा मेसेजना गिऱ्हाईक मिळतं ते अशाच जिन्यांवर.

वारेतून साखर बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि अंगावर चरबी धरतं. आपण म्हणतो, काय गुटगुटीत आहे! पण तेच बाळ बाहेर येताना खांद्याशी अडकू शकतं. नाळ कापली की साखर बंद, बाळाच्या अंगातलं इन्सुलिन मात्र तसंच, त्यामुळे पहिल्या तासांत बाळाची साखर झपकन खाली येऊ शकते. अशा बाळाला तासाच्या आत अंगावर घ्यायचं, चीक पाजायचा आणि त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघतात ते बघू द्यायचं. बोटानं मध चाटवणं आणि चीक पिळून टाकणं दोन्ही अजून आमच्या भागात चालतं. दोन्ही बंद करा.

आणि हे लहानसहान नाही. २००८ साली नऊ देशांतल्या सुमारे २३ हजार बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात आईची साखर जसजशी वर, तसतशी मोठ्या बाळाची शक्यता वर, असं सरळ दिसलं. त्याआधी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात हजार बायकांत तुलना झाली: खाणं, तपासणी आणि लागलं तर इन्सुलिन दिलेल्या गटात बाळाला गंभीर गुंतागुंत १ टक्क्यात, नेहमीसारखं सोडलेल्या गटात ४ टक्क्यांत.

इन्सुलिनचा मुद्दा लवकर आटपतो. ते वार ओलांडून बाळापर्यंत पोचत नाही, म्हणून तर गरोदरपणात त्याच्यावर भरवसा ठेवतात. पुष्कळ जणींना ते लागतच नाही. आधी दोन आठवडे खाणं-चालणं सुधारून बघतात, तरी जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली राहत नसेल तर मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्सुलिन, ते डॉक्टर ठरवतात. मला बत्तिसाव्या आठवड्यापासून सुरू झालं. मुलगी झाली त्याच दिवशी बंद झालं.

गुळाविषयी बोलायचं तर जरा जपून बोलावं लागतं. चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात माझी निम्मी पाहुणेमंडळी आहेत. पण रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर एकाच घरातल्या. गुळात लोह असतं म्हणतात, असतंही थोडं. ते भरून काढायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढ्यात शुगर कुठल्या कुठं वर जाईल. गोकाकचं करदंट डिंक-सुकामेव्याचं म्हणून ‘पौष्टिक’ समजून सातव्या महिन्यात डबे भरून येतं. त्यातला गूळ कुणी मोजत नाही. कुंद्याबद्दल तर बोलूच नये, आम्हां बेळगावकरांना तो गोड पदार्थ वाटतच नाही, तो पाहुणचार वाटतो.

भाकरी चांगली, हे मान्य. पण ‘पोटभर’ हा शब्द घातक. शंभर ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात सत्तरच्या आसपास ग्रॅम पिष्टच असतं. माझ्या वहीतल्या दोन नोंदी देते. दोन भाकऱ्या आणि झुणका: दोन तासांनी १४८. दुसऱ्या दिवशी एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडी, आणि जेवून अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या: ११२. भाकरी त्याच पिठाची, चूलही तीच. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून तर ग्लुकोमीटर. खानापूरकडच्या बायकांना भात सोडा म्हणणं म्हणजे जेवण सोडा म्हणणं. सोडू नका, एक वाटी घ्या, बरोबर घट्ट आमटी, उसळ किंवा अंडं, आणि पालेभाजी भरपूर. उपासाच्या दिवशी मात्र सांभाळा. आपल्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी पिकतात आणि एकादशीला ताट भरून उकडतात, वर साबुदाणा. तो उपास शुगरला लग्नाचं जेवण वाटतो. उलट काही जणी घाबरून रात्रीचं जेवणच टाकतात. तेही चूक, बाळासाठी उपाशी राहणं बरं नव्हे. थोडं थोडं, पाच-सहा वेळा.

उरला शेवटचा मुद्दा, ठळक अक्षरांतला, आणि तो निम्मा खरा आहे म्हणून सगळ्यात वाईट. वार पडली की हॉर्मोन्स जातात आणि बहुतेकींची शुगर काही दिवसांत जागेवर येते. इथपर्यंत बरोबर. पण वारेनं जे काम केलं ते परीक्षेसारखं होतं: स्वादुपिंडाची ताकद कुठवर आहे ते नऊ महिन्यांत कळलं. १९६४ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये गरोदरपणातल्या अशा टेस्टचे पहिले आकडे ठरले, तेही बाळासाठी नव्हे. कुठल्या आईला पुढं डायबेटिस होईल ते ओळखण्यासाठी. अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तर अशा आईला पुढं डायबेटिस होण्याची शक्यता इतरांच्या सात ते दहा पट निघते. वजन, चालणं, खाणं यांवर काम केलं तर, ज्यांची शुगर आधीच काठावर आहे अशा आयांतही, ती जवळजवळ निम्म्यानं खाली येते. अंगावर पाजण्यानंही फरक पडतो.

म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तीच ७५ ग्रॅमची टेस्ट, या वेळी उपाशीपोटी. उपाशीपोटी १२६ किंवा वर, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा वर आलं तर डायबेटिस. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे सीमेवर, आणि सीमेवर राहणं म्हणजे काय ते आम्हांला वेगळं सांगायला नको. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट तेव्हा करू नका, बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, ती फसवते. त्यानंतर वर्षाला एकदा, फार तर तीन वर्षांतून एकदा. आणि पुढच्या खेपेला दिवस गेले की पहिल्याच भेटीत सांगायचं, ‘मागल्या वेळी होती.’

ही सहा आठवड्यांची टेस्ट माझ्या रजिस्टरमध्ये जवळजवळ दिसतच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सासर बेळगावला, माहेर सीमेपलीकडं महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला, किंवा उलटं. तपासण्या इकडच्या, कर्नाटकातल्या, तायी कार्डावर (गरोदरपणातल्या तपासण्यांचं सरकारी कार्ड; कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आमच्या बायका ‘ताई कार्ड’च म्हणतात), बाळंतपण तिकडच्या दवाखान्यात, त्यांचं कार्ड वेगळं. फाईल सासरच्या कपाटात. सव्वा महिना बाई उंबरा ओलांडत नाही, डिंकाचे लाडू चालू असतात, आणि शुगर होती ही गोष्ट बारशाच्या गडबडीत विरून जाते. मीही विसरले. लॅबमध्ये कामाला असून. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर सहज म्हणून स्वतःचं रक्त लावलं, उपाशीपोटी ११८. अजून सीमेवरच आहे, रोज संध्याकाळी चालते.

पण सव्वा महिना संपतो आणि बाळाची दीड महिन्याची लस येते, दोन्ही एकाच आठवड्याच्या आगंमागं. बाई त्या दिवशी बाहेर पडणारच असते.

‘हे खरं हाय काय गे’ विचारणारीचं बाळ आज वीस दिवसांचं आहे. बाळ बघायला गेले तेव्हा तिचं तायी कार्ड मागून घेतलं. दीड महिन्याच्या लसीची तारीख आहे तिथंच खाली पेनानं लिहिलं: ‘आईचं रक्त पण. उपाशीपोटी येणे.’