‘नाश्ता राजासारखा करा’ या मेसेजमध्ये पुरावा किती?

‘नाश्ता राजासारखा, दुपारचं जेवण प्रधानासारखं, रात्रीचं भिकाऱ्यासारखं’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतच असतो. पुढचा मजकूर साधारण ठरलेला: डॉक्टर सांगतात की नाश्ता हेच दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं खाणं, तो चुकवला की मेंदू उपाशी राहतो, वजन वाढतं, हार्ट अटॅकचा धोका २७ टक्क्यांनी वाढतो, आपले पूर्वज न्याहारी चुकवत नसत, मुलांवर प्रेम असेल तर पुढे पाठवा. माझा नाश्त्याला अजिबात विरोध नाही. पण पुराव्याचं काम इथे क्लृप्त्यांकडून करून घेतलंय, आणि त्यापायी भूक नसलेल्या माणसाला बळंच पोहे खायला बसवलं जातं.

‘डॉक्टर सांगतात.’ कोणते, कशावरून? १९१७ साली ‘गुड हेल्थ’ या अमेरिकी मासिकात आहारतज्ज्ञ लेना कूपर यांनी जवळपास हेच वाक्य लिहिलं होतं. मासिकाचे संपादक होते जॉन हार्वे केलॉग. कॉर्नफ्लेक्सचा जन्म त्यांच्याच आरोग्यधामातला. पुढे १९२० च्या दशकात बीच-नट या अमेरिकी कंपनीला बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, नाश्त्यासाठी खपवायचं होतं. तिचे प्रसिद्धी सल्लागार एडवर्ड बर्नेज यांनी एका डॉक्टरांकरवी हजारो डॉक्टरांना पत्रं पाठवली: नाश्ता भरपेट बरा की हलका? बहुतेकांनी भरपेटच्या बाजूने कौल दिला आणि तो वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आला. प्रयोग एकही झाला नव्हता. गोळा झाली ती मतं, तीही माल विकणाऱ्याच्या सोयीच्या प्रश्नावर.

२७ टक्क्यांचा आकडा मात्र खरा आहे, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं. २०१३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे २७ हजार अमेरिकी पुरुषांची १६ वर्षांची माहिती तपासली. नाश्ता टाळणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळला. पण याच मंडळींत धूम्रपान जास्त होतं, दारू जास्त, व्यायाम कमी. संशोधकांनी हे फरक हिशेबात धरले, तरी अशा पाहणीतून ते पुरते कधीच निघत नाहीत. शिवाय २७ टक्के कशाच्या? मूळ धोका किती, हे मेसेज सांगतच नाही. वयाने ४५ च्या पुढच्या पुरुषांचा हा आकडा कॉलेजातल्या मुलीला घाबरवायला वापरला जातो, याचा मला खरंच राग येतो.

वजनाबद्दल तर प्रयोग झाले आहेत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे १३ प्रयोग एकत्र तपासले. नाश्ता करणारे दिवसाला सुमारे २६० कॅलरी जास्त खात होते आणि त्यांचं वजन सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास जास्तच भरलं. प्रयोगांचा दर्जा कमी असल्याचं त्यांनी स्वतःच नोंदवलंय, त्यामुळे ‘नाश्ता सोडा, बारीक व्हा’ असा उलटा मेसेजही यातून निघत नाही.

मेंदू उपाशी राहतो ही निव्वळ भीती. यकृतातल्या साठ्यातून त्याला रात्रभर साखर मिळत असते, सकाळीही मिळते. आणि पूर्वजांची न्याहारी शेतात दोन-तीन तास राबून झाल्यावरची होती. उठल्या उठल्या गाडीत बसणाऱ्याला ती जशीच्या तशी कशी लागू होईल?

ज्यांना नाश्ता खरोखर हवा, ती माणसं या मेसेजमध्ये नाहीतच. उपाशीपोटी शाळेत येणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये सरकारी शाळांत नाश्ता सुरू केला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारे मधुमेही आहेत. त्यांनी डॉक्टरांना न विचारता सकाळचं खाणं टाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.